मामंजींना भरलेली उसण

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून माझं डोकं नव्हे, पाय आधी बाहेर आले. सुईणीनं म्हणे तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, पोरीच्या पायाला गुण येणार. डोक्याचं ती काही बोलली नाही, ते एक असो. विट्याकडच्या आमच्या कोरडवाहू गावात पायाळू माणसाला एक काम ठरलेलं असतं. कुणाच्या पाठीत नाहीतर बरगडीत उसण भरली, श्वास घेताना चमक मारायला लागली, की त्याला पायाळूकडं आणायचं, पालथं घालायचं, आणि दुखऱ्या जागी पायाळूनं पाय लावायचा. हलकी लाथच ती. चालायला लागले तेव्हापासून मी लोकांना लाथा घालत आले, आणि वर लोकच मला नारळ देऊन गेले. असा मान फार थोड्या पोरींना मिळतो.

त्याची किंमतही होती म्हणा. पायाळू माणसाकडं वीज ओढ घेते असं म्हणतात, त्यामुळं ढग गडगडले की आई मला आत कोंडायची आणि बाकीची पोरं अंगणात नाचायची. गुण खरा की खोटा, असं मला पुढं कॉलेजात मैत्रिणींनी विचारलं. उसण दोन-चार दिवसांत आपली आपण जातेच, हे मला तेव्हाच कळलेलं होतं. मला तर वाटतं, येणाऱ्यांनाही ते माहीत असायचं. पण दुखणाऱ्या माणसाला कुणीतरी हात लावावा असं वाटतं, आमच्याकडं पाय लावत होते, एवढंच. मी त्यावर कधी भांडले नाही.

लग्न होऊन आले ती वाईच्या खाली, कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरात. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. घरात अंथरुणाची घडीसुद्धा चौकोनी लागायची. सुनेशी थेट बोलायचं नाही ही जुनी रीत त्यांनी फौजेतल्या शिस्तीनं पाळली. मी समोर चहाचा कप घेऊन उभी असायची आणि ते आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगायचे, तिला म्हनावं साखर कमी घाल. आत्या माझ्याकडं वळून तेच म्हणायच्या. मी आत्यांना सांगायची, बरं. मग आत्या त्यांना सांगायच्या, बरं म्हनती. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या तीन माणसांत एवढं दळणवळण चालायचं.

मी पायाळू आहे हे कळलं तेव्हा त्यांनी आत्यांमार्फत हुकूम काढला, असली थेरं या घरात चालायची न्हाईत. मी मान डोलावली. पण गावात बातमी कधीच फुटली होती. अंगणातल्या माझ्या पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायका हळूच म्हणायच्या, जरा परसदारी येतीस का गं, मालकांच्या पाठीत भरलीया. मी जायची. मामंजींना ते सगळं माहीत होतं. परसदारी कुणी कण्हलं की ते पुढच्या सोप्यात मोठ्यानं खाकरायचे. त्यांच्या अंगाला माझा पाय कधी लागेल, हे ना त्यांच्या स्वप्नात होतं ना माझ्या.

करोनानं दुसऱ्या लाटेत मामंजींना गाठलं. माझे मालकही फौजेत, तेव्हा लांब सरहद्दीवर, त्यांना सुट्टी मिळेना. साताऱ्याच्या एका दवाखान्यात कसाबसा बेड मिळाला, ऑक्सिजन लागला. भेटायला सोडत नव्हते. संध्याकाळी तिथल्या डॉक्टर मॅडमचा फोन यायचा, त्यावर आमचं घर जगायचं. एकदा त्या म्हणाल्या, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून रोज पोटावर इंजेक्शन देतोय. मी म्हटलं, मॅडम, आजार खोकल्याचा ना, मग रक्ताचं काय मध्येच?

त्या बाई दमलेल्या होत्या, आवाजावरून कळत होतं, तरी त्यांनी सांगितलं. हा विषाणू शिरतो फुफ्फुसातून, पण रक्तवाहिन्यांना आतून जे अस्तर असतं ते सुजवतो. मग जखम नसताना रक्ताला वाटतं जखम झाली, आणि ते जिथं गोठायचं नाही तिथं गोठायला लागतं. त्यात माणूस पडून, पाय हलत नाहीत, पाणी कमी जातं, म्हणजे आणखीच सोपं. ते होऊ नये म्हणून हे इंजेक्शन. फोन ठेवून मी गिरणीत जाऊन नुसती बसले. माझ्या अंगात एवढं रक्त फिरतंय आणि त्याला काय वाटतं, कधी थांबायचं, कधी नाही, हे तेच ठरवतं, असा विचार आजवर एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता. बाईमाणूस असून. रक्ताशी आमचा संबंध काय कमी असतो?

मामंजी घरी आले ते अर्धे होऊन. पाठीचा ताठ कणा तसाच, पण सदरा खुंटीवर टांगल्यासारखा. दवाखान्यातून निघताना डॉक्टर मॅडमनी मला दारातच तीन-चार गोष्टी बजावल्या होत्या. दिवसभर झोपवून ठेवू नका, घरातल्या घरात थोडं थोडं चालवा. पाणी भरपूर द्या. आणि एकच पाय सुजला, किंवा श्वास घेताना छातीत दुखलं, धाप लागली, तर त्याच दिवशी घेऊन या, उद्यावर टाकू नका. मी घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं.

पण सुनेचं ऐकतंय कोण? आत्या म्हणाल्या, मरता मरता वाचलेलं मानूस, आनि त्येला चालवायचं म्हनं. त्यांनी मामंजींना बाळंतिणीसारखं ठेवलं. सोप्यात खाट, खाटेवर दोन गाद्या, जेवण हातात, भांडं खाटेखाली. पाणी प्यायलं की कफ होतो म्हणून पाणी घोट-घोट. पाय खाली टेकवला की आत्या धावून यायच्या. ज्या माणसानं जन्मभर घर परेडवर ठेवलं तो मुकाट पडून राहिला, त्यालाही ते आवडलं असणार. खरं सांगू, मलाही आवडलं. घरात शांतता होती, मोठं माणूस परत आलं होतं, आत्या कढीला फोडणी देताना गुणगुणत होत्या. आपण किती जीव लावतोय, असंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

मग एका सकाळी मामंजींना उजव्या बरगडीखाली चमक निघायला लागली. श्वास आत घेतला की कळ. आत्यांनी निदान करून टाकलं, उसण भरली. कूस बदलताना भरली असंल. त्यांनी आंबेहळद उगाळून लावली, तव्यावर मीठ तापवून पुरचुंडीनं शेकलं. फरक पडेना. मामंजी अर्धाच श्वास घ्यायचे आणि तिथंच थांबायचे. दुपार होत आली तशा आत्या माझ्याकडं वळल्या आणि डोळ्यांनीच म्हणाल्या, लाव पाय. मी नको म्हणून मान हलवली. एरवी कुणालाही लावीन, पण सासऱ्याला पाय? आमच्यात चुकून जरी वडीलधाऱ्याला पाय लागला तरी लगेच वाकून नमस्कार करायचा. आणि इथं मुद्दाम लावायचा, ते पण अशा माणसाला, ज्यांनी ही थेरं घरात नकोत म्हणून हुकूम काढलेला.

आत्यांनी जाऊन त्यांना विचारलं, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. नुसता अर्धा श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली. आत्यांना नाही, मला. लग्न होऊन आल्यापासून ही पहिली हाक.

“सूनबाई, ये हिकडं. लाव पाय.”

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. मी आधी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग आत्यांनी धरून त्यांना पालथं केलं. मी पदर खोचला, खाटेचा कठडा धरला आणि डोळे मिटून पाय त्यांच्या पाठीवर टेकवला, जिथं दुखत होतं तिथं.

इतकी वर्षं इतक्या पाठींना पाय लावला, तळव्याला एक ओळख झालेली असते. उसण भरलेली पाठ लाकडासारखी ताठ असते, माणूस ती जागा धरून ठेवतो. ही पाठ ताठ नव्हती. ती मऊ होती आणि तिच्याखाली काळीज पळत होतं. चालत नव्हतं, पळत होतं. माझ्या तळव्याला ते धाडधाड लागत होतं आणि मामंजी तर झोपून होते. मी दचकून डोळे उघडले आणि खाली बघितलं. पालथं करताना त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत वर सरकला होता. उजवी पोटरी काटकुळी, आजाऱ्याची. डावी तिच्या दीडपट, तुकतुकीत, तांबूस. गाद्यांच्या आणि पांघरुणाच्या आत ती कुणाला दिसलीच नव्हती.

एकच पाय सुजला, किंवा श्वास घेताना छातीत दुखलं. डॉक्टर मॅडमचा दमलेला आवाज मला कानात जसाच्या तसा ऐकू आला. इथं दोन्ही होतं. मी पाय खाली घेतला. आत्या म्हणाल्या, थांबलीस का गं, लाव की नीट. मी म्हटलं, आत्या, ही उसण न्हाई. मामंजींना आत्ताच्या आत्ता साताऱ्याला न्यायचं. माझा आवाज गिरणीवर असतो तसा, इंजिनावरनं ऐकू जाईल एवढा निघाला. त्या घरात मी एवढ्यानं कधी बोलले नव्हते.

फोन लावला. नशीब, मॅडमनी उचलला. त्या म्हणाल्या, चालवू नका, पाय चोळू नका, झोपवून जसे आहेत तसे आणा. मी वळून बघते तर आत्या तेलाची वाटी घेऊन सुजलेली पोटरी चोळायला बसलेल्या. सूज दिसली की तेल लावायचं, एवढंच त्यांना माहीत, आणि त्यात त्यांचा काय दोष? मी वाटी त्यांच्या हातातून हिसकावून घेतली. सासूच्या हातातून वाटी हिसकावणं, सासऱ्याला लाथ लावणं, एका दुपारी माझं सगळं करून झालं. मामंजी पालथेच होते, मान वळवून ते म्हणाले, ती म्हनतीया तसं करा. हेही त्यांनी आत्यांनाच सांगितलं, पण माझ्याकडं बघून.

अँब्युलन्स सगळ्या बाहेर होत्या. शेजारच्यांचा पिकअप नुकताच लोणंदच्या बाजारात कांदा टाकून आला होता. त्यात गादी टाकली, मामंजींना आडवं केलं, मी आणि आत्या दोन्हीकडं बसलो. पाचवडला हायवेला लागलो तशा वाऱ्यानं कांद्याच्या साली उडायला लागल्या, मामंजींच्या मिशीवर येऊन बसायला लागल्या. मी त्या वेचत होते आणि देवाचं नाव घेत होते. ओठ निळसर दिसत होते. आत्या त्यांच्या कानाशी सारख्या म्हणत होत्या, आलं बगा सातारा, आलं. सातारा अजून लांब होता.

दवाखान्यात मी डॉक्टर मॅडमना पहिल्यांदा नीट बघितलं, तेही फक्त डोळे. माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला आणि लगेच नर्सला हाक मारली. शिरेत औषध सोडून छातीचा स्कॅन केला, पायाची सोनोग्राफी केली. मग आम्हा दोघींना बोलावून पडद्यासमोर उभं केलं.

ते मी जन्मात विसरणार नाही. काळ्या पडद्यावर पांढरं झाड होतं. फुफ्फुसात जाणारं रक्त, त्यात सोडलेल्या औषधामुळं ते पांढरं दिसतं म्हणे. खोडातून फांद्या, फांद्यांतून डहाळ्या, पार टोकापर्यंत. आपल्या छातीत एवढं झाड उभं आहे आणि आपण खुशाल पिठाच्या गोण्या उचलत फिरतो. मॅडमनी उजव्या फुफ्फुसावर बोट ठेवलं. एका फांदीत मध्येच काळं होतं, आणि त्याच्या पुढं पांढरं काहीच नव्हतं. ही गुठळी, त्या म्हणाल्या. दुखतंय ते इथं.

मग त्यांनी पायाचं दाखवलं. गुडघ्याच्या मागं एक गोल दिसत होतं, ती शीर. त्या म्हणाल्या, वरनं दाबलं की चांगली शीर मिटते. ही मिटत नाही, कारण आत रक्त गोठून बसलंय. तिथूनच एक तुकडा सुटला. मांडीतून वर गेला, पोटातून गेला, काळजात शिरला, काळजातून बाहेर पडला आणि फुफ्फुसात जाऊन अडकला.

“काळजातून गेला?” मी विचारलं.

“हो. आणि काळीज थांबलं नाही. तेवढं नशीब.”

आत्यांनी खुर्ची धरली. मी मात्र त्या पडद्यावरून नजर काढू शकत नव्हते. भीती तर होतीच, पण तिच्या जोडीला आणखी काहीतरी होतं, देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर होतं तसं. एक रक्ताची गाठ माणसाच्या काळजातून जाते आणि त्या वेळी तो खाटेवर पडून कढीभात खात असतो. कुणालाच पत्ता नसतो, त्यालासुद्धा नाही.

मॅडम सरळ बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, पायात अजून गुठळी शिल्लक आहे. आणखी एखादा तुकडा सुटला तर अवघड आहे. रक्त गोठू न देणारं औषध चालू केलंय, पुढचे दोन-तीन दिवस बघू. मी विचारलं, त्या औषधानं गाठ विरघळंल ना? त्या म्हणाल्या, नाही. हे औषध गाठ वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही, एवढंच. फारच गंभीर झालं तर विरघळवणारं दुसरं औषध असतं, पण त्यात रक्तस्रावाचा धोका मोठा. जुनी गाठ विरघळवायचं काम त्यांचं शरीर स्वतःच करतं. हळूहळू. आपण फक्त त्याला वेळ मिळवून द्यायचा.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. लहानपणी विळ्यानं बोट कापलं की आई हळद भरायची, रक्त थांबायचं, आणि आम्ही म्हणायचो, हळदीचा गुण. आत किती जणांची धावाधाव चालली असेल, कोण जमवतंय, कोण बांध घालतंय, आणि काम झालं की तोच बांध कोण उकरून काढतंय, याचा विचार कोण करतो? तेच रक्त बोट कापल्यावर जीव वाचवतं आणि तेच मामंजींचा जीव घ्यायला निघालं होतं. त्याच अंगात ते परत मोकळं करणारंही होतं. मला एवढं मोठं काही कधी कळलं नव्हतं. मी हात जोडले, कुणाला ते मला नीट सांगता येणार नाही.

आत्या शेजारी येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, मीच निजवून ठेवलं त्येंला. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, आपण समद्यांनीच ठेवलं, जीव लावला म्हणून ठेवलं. मालकांना फोन केला तर ते सगळं ऐकून एवढंच म्हणाले, तू हायस म्हणून निभावलं.

ते दोन-तीन दिवस गेले. तुकडा सुटला नाही. बोटाच्या चिमट्यावरचा आकडा रोज थोडा थोडा वर सरकत होता आणि मामंजींचा श्वास अर्ध्यावर थांबायचा बंद झाला. घरी सोडलं तेव्हा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या, काही महिन्यांच्या. आता उलटी काळजी, मॅडम म्हणाल्या. पडू देऊ नका, आपल्या मनानं दुखण्याच्या गोळ्या देऊ नका, हिरड्यांतून रक्त आलं, काळी शी झाली तर कळवा.

त्या उलट्या काळजीचा अर्थ मला एका सकाळी कळला. मामंजी जुन्या सवयीनं वस्तऱ्यानं दाढी करायला बसले आणि हनुवटीला एवढंसं लागलं. एरवी कागदाचा कपटा चिकटवला की संपलं. रक्त थांबेना. आत्यांनी आरडाओरडा सुरू केला. मी स्वच्छ कापसाचा बोळा घेतला, त्यांच्या हनुवटीवर दाबून धरला आणि तशीच उभी राहिले. दाबायचं, सारखं उचलून बघायचं नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं. मी सून, हे सासरे, आमच्या तोंडांत वीतभर अंतर, दोघांनी बघायचं कुठं? ते वर कौलांकडं बघत होते, मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं. बऱ्याच वेळानं मी बोळा काढला. थांबलं होतं. गोळ्या घेऊनही त्या रक्तानं शेवटी आपलं काम केलंच. मामंजी म्हणाले, तिला म्हनावं, हात भरून आला असंल. आत्या तिथं नव्हत्या. मी म्हटलं, न्हाई भरला. पुढच्या आठवड्यात त्यांनी दाढीचं मशीन मागवलं.

आणि चालणं. एकदा मॅडमनी चालायला परवानगी दिली आणि फौज परत आली. अंगणात, गिरणीच्या भोवतीनं, आंब्याच्या झाडापर्यंत, परत. गावात कुणी करोनातून उठून आलं की हे काठी घेऊन त्याच्या दारात हजर. झोपायचं न्हाई, उठा, पाय हलवा, पानी प्या, दोन्ही पोटऱ्या दाखवा. बायकांच्या पोटऱ्या बघायची पंचाईत व्हायची, तेव्हा त्या कामाला मला पाठवायचे. लोक हसायचे. म्हणायचे, सुभेदारांनी नवी पलटण काढली. हसेनात का, उठत तर होते.

काही महिन्यांनी गोळ्या बंद करायच्या की नाही हे ठरवायला मॅडमनी परत सोनोग्राफीला बोलावलं. आत्यांनी देवाला नारळ कबूल केला होता, पण त्या दवाखान्यात आत यायला तयार होईनात. तो पडदा नको गं बाई, म्हणाल्या. मग मी आणि मामंजी दोघंच आत गेलो. ते टेबलावर आडवे झाले, पायजमा वर केला, मॅडमनी गार जेल लावलं आणि मशीन गुडघ्यामागं फिरवायला लागल्या. मी पडद्याकडं बघत होते. तोच गोल दिसला. मॅडमनी दाबलं.

गोल मिटला. सोडलं, परत उघडला. त्यांनी वर मांडीपर्यंत जागोजाग दाबून बघितलं, प्रत्येक ठिकाणी शीर मिटली आणि उघडली. मॅडम म्हणाल्या, मोकळी आहे. गाठ गेली. मग त्यांनी एक बटण दाबलं आणि त्या काळ्या गोलात रंग आला. मॅडमनी पोटरी हलकी दाबली की तो रंग वर उसळायचा. त्या म्हणाल्या, आवाज पण ऐकवते. आणि खोलीत आवाज आला. भरतीच्या पाण्यासारखा, थांबत, उसळत, थांबत, उसळत.

मामंजींनी मान उचलली. विचारलं, हा कशाचा आवाज? मॅडम म्हणाल्या, तुमच्याच रक्ताचा.

ते ऐकत राहिले. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी कुणाच्या तोंडावर कधी बघितलं नाही, लहान मूल पहिल्यांदा नदी बघतं तेव्हा सोडून. ते म्हणाले, हे सारखं चालूच असतंय? मॅडम म्हणाल्या, तुम्ही जन्मायच्या आधीपासून. एकदाही थांबलेलं नाही.

“आनि आमी बाहेरनं नुसतं हुकूम सोडत बसलो,” मामंजी म्हणाले.

मॅडम हसल्या. बाहेर दुसरा पेशंट थांबला होता, तरी त्यांनी आवाज बंद केला नाही. त्या कागदावर लिहायला बाजूला गेल्या. मामंजी आडवेच होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, नीट, सरळ.

“त्या दिवशी पिकअपमधी तू भ्याली हुतीस का गं?”

“व्हय मामंजी. लय भ्याले हुते.”

“मी पन,” ते म्हणाले. “कुनाला बोललो न्हाई. सरहद्दीवर गोळ्या चालल्या तवा पन एवढा भ्यालो न्हवतो.”

त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. मी टेबलाच्या कडेला उभी राहिले, आणि आम्ही दोघं तो आवाज ऐकत राहिलो.